त्रिकोणातला वाघ

ताडोब्याचं कोलारा गेट चिमूर तालुक्यात येतं, त्यामुळे पट्ट्यांवरून वाघ ओळखणं ही चिमूरकरांची घरची विद्या. मात्र उजवी कूस पाठ असलेला गडी डावी कूस दिसली की चाचपडतो, कारण दोन्ही बाजूंचे पट्टे सारखे नसतात. दुसऱ्या महायुद्धातले खांद्यावरचे कापडी बिल्ले ओळखायलाही हीच नजर लागते. हा छंद पुण्या-मुंबईच्या संग्राहकांवर सोडून देणं म्हणजे सरासर अन्याय आहे.

२६व्या भारतीय डिव्हिजनचा बिल्ला घ्या. निळ्या त्रिकोणातून वाघ पाऊल बाहेर टाकतोय. त्रिकोण म्हणजे गंगेचं त्रिभुज मुख. आराकानात लढून ही डिव्हिजन मे १९४५ मध्ये रंगूनला पोहोचली. पण असे कितीतरी बिल्ले बाजारातल्या कारागिरांनी हातानं भरलेले. कुणाचा वाघ रुबाबदार, तर कुणाचा पोट बिघडल्यासारखा. चिमूरकर भिंग न लावताच सांगेल, "हा वाघ नाही होय गा!"

मांजर हवं असेल तर १७वी डिव्हिजन. तिची आधीची खूण पांढरी वीज होती. १९४३ मध्ये काळं मांजर आलं. ते आडवं गेलं की आपण सायकल थांबवतो. १९४४ मध्ये इंफाळच्या वाटेवर ते जपान्यांना आडवं गेलं. त्याच लढाईतल्या २३व्या डिव्हिजनच्या खांद्यावर झुंजीचा लाल कोंबडा होता. चंद्रपूर-गडचिरोलीत असा कोंबडा निघाला की कोंबडबाजारावर पोलिसांची धाड पडते. तिथे तो सरकारी हुकमानं मिरवत होता.

ही सगळी चित्रं कशासाठी? तुकडीचं नाव शत्रूला वाचता येऊ नये म्हणून. पाचव्या डिव्हिजनचा काळ्यावरचा लाल गोळा अधिकृतपणे 'आगीचा गोळा' होता. गोऱ्या शिपायांनी त्याला ठेवलेलं नाव कौटुंबिक मासिकात छापण्याजोगं नाही.

चिमूरमध्ये मात्र फौजेच्या खुणेकडे नुसतं कौतुकानं पाहता येत नाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी, नागपंचमीला, हे गाव इंग्रजांविरुद्ध पेटलं आणि पाठोपाठ गोरे सैनिक इथे उतरले. त्यांच्या अत्याचारांच्या चौकशीसाठी प्रा. भन्साळींनी ६३ दिवस उपोषण केलं. त्या सैनिकांचे खांदे न्याहाळण्याची फुरसत गावाला नव्हती.

बाजारात आज नकली माल उदंड. जाणकार अतिनील दिव्याखाली बिल्ला धरतात. कापडाला शुभ्रता देणारी रसायनं युद्धानंतर सर्रास आली. धागा निळसर झगमगला की विक्रेत्याचा चेहरा उतरतो.

तेव्हा आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत जुना खाकी सदरा सापडलाच, तर दोन गोष्टी पाळा. बिल्ला उसवू नका. बाहीवरची मूळ शिवण हाच त्याचा दाखला. आणि कितीही मळका दिसला तरी सदरा धुवायला टाकू नका. धुण्याच्या पावडरीत तीच झगमगणारी रसायनं असतात, आणि एका धुण्यात अस्सल बिल्ला नकली ठरू शकतो.