तुम्ही तेच, हे कशावरून?

परदेशातल्या मराठी माणसाला मायदेश वर्षातून एकदा गणपतीत आठवतो आणि दहा वर्षांतून एकदा, पासपोर्टची मुदत संपत आली की, फारच आठवतो. गणपतीत निदान आरत्या पाठ असतात. पासपोर्टच्या अर्जात मात्र सुरुवातीलाच घाम फुटतो, कारण तिथे नाव विचारलेलं असतं.

आपलं नाव तिपेडी. शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं. पासपोर्टला कप्पे दोनच, एक नावाचा आणि एक आडनावाचा. त्यामुळे वडील मुलाच्या कप्प्यात मुक्कामाला येतात. विमान कंपनी तिकिटावर बापलेकांमधली मोकळी जागाही काढून टाकते. अमेरिकेतल्या लायसन्सवर वडिलांचं एक अक्षर उरतं, आणि मग नूतनीकरणाच्या खिडकीमागचा तरुण विचारतो, हे दोघे एकच कशावरून?

बाईमाणूस असेल तर विचारूच नका. समजा, माहेरची कुसुम. लग्नात नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने ‘वसुधा’ लिहिलं, बायकांनी उखाण्याचा आग्रह धरला, पेढे वाटले, झालं. शाळेच्या दाखल्यावर कुसुम, लग्नाच्या प्रमाणपत्रावर वसुधा, आणि जुन्या पासबुकात तर ‘सौ.’ हेच पहिलं नाव. आता न्यूजर्सीतल्या एडिसनला मुलाकडे राहणाऱ्या वसुधाबाईंना साठी उलटल्यावर प्रतिज्ञापत्र करून द्यावं लागतं की कुसुम आणि वसुधा या दोन्ही व्यक्ती एकच आहेत. पुरावा मागाल, तर ते तांदूळ त्याच रात्री शिजले. राजपत्रात नावबदल छापून आणा, असा सल्ला मिळतो. म्हणजे जे लग्नाला आलेल्या सगळ्या गावाला ठाऊक आहे, ते महाराष्ट्र शासनाने छापल्याशिवाय खरं होत नाही.

जन्मतारखेची गंमत याहून वरची. महाराष्ट्रातल्या एका अख्ख्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो. पोराला घेऊन बाप शाळेत गेला, मास्तरांनी डोक्यावरून हात घालून दुसरा कान लागतो का पाहिलं आणि १ जून लिहून टाकलं. आई म्हणायची, ऐन पोळ्याला झाला. पण आईकडे शिक्का नव्हता.

या मास्तरांच्या तारखेवर पासपोर्ट निघतो. पुढे ग्रीनकार्डासाठी अमेरिका जन्मदाखला मागते. नगरपालिकेचा दाखला असलाच, तर त्यावर बाळाचं नावच नसतं. बारशाआधी नोंद केलेली असते. तेव्हा तिथल्या आपल्या वकिलातीत धाव घ्यायची. वकिलात अर्जदाराचा पासपोर्ट बघून जन्मदाखला देते. मास्तरांच्या दाखल्यावर पासपोर्ट, पासपोर्टवर जन्माचा दाखला! माणूस आधी परदेशी जातो आणि मग कागदोपत्री जन्माला येतो. हा सोहळा मी कुठल्याही विनोदी नाटकापेक्षा वरचा मानतो, कारण यात कोणीही हसत नाही.

फोटोबद्दल थोडक्यात. ओसीआय म्हणजे ‘परदेशस्थ भारतीय नागरिक’ कार्डाच्या अर्जाला दोन इंच बाय दोन इंच, चौकोनी, फिकट पार्श्वभूमी. दीड महिन्याच्या बाळाचे डोळे उघडे आणि तोंड बंद हवं. ज्यांच्या घरी दीड महिन्याचं बाळ आहे त्यांना या दोन गोष्टी एकाच वेळी कधी दिसल्या असतील तर कळवावं.

आता आधार. देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० साली नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, त्यासाठी पंतप्रधान स्वतः गावात आले होते. न्यूजर्सीच्या मराठी माणसाला मात्र स्वतः उडत यावं लागतं, कारण बोटांचे ठसे भारतातच घेतात. पूर्वी १८२ दिवस राहण्याची अट होती. २०१९ मध्ये भारतीय पासपोर्टधारकांना ती माफ झाली. म्हणून माणूस उत्साहाने येतो, पुण्यात रांग लावतो, ठसे देतो, आणि मोबाइलच्या रकान्यात अमेरिकेचा नंबर लिहितो. तो चालत नाही. भारतीय नंबर हवा.

मग दादरच्या थोरल्या भावाचा नंबर दिला जातो. इथून पुढे प्रत्येक ओटीपी दादाच्या फोनवर. न्यूजर्सीत रात्रीचे दहा, दादरला सकाळचे साडेसात.

“दादा, आला का?”

“काय?”

“सहा आकडी.”

“थांब, चष्मा बघतो. हा घे. ‘तुमचा गॅस सिलिंडर रवाना झाला आहे.’”

“तो नव्हे रे, त्याच्या वरचा!”

“वरचा वाचेपर्यंत स्क्रीन गेला बघ.”

तोवर मुदत संपते. सरकारच्या दृष्टीने या घडीला अमेरिकेतला धाकटा म्हणजे दादरमधला थोरलाच. आणि या दोघांना मात्र एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र कोणी मागत नाही.

मतदानाचं विचाराल तर परदेशातल्या भारतीय नागरिकाला २०११ पासून मतदार यादीत नाव घालता येतं. मत द्यायला मात्र आपल्याच केंद्रावर, मूळ पासपोर्ट घेऊन, हजर व्हायचं. एका बटणासाठी अटलांटिक ओलांडणाऱ्याला लोकशाहीने निदान परतीचं भाडं द्यावं. ज्यांनी अमेरिकेची शपथ घेतली त्यांचा हा प्रश्नही मिटतो: भारतीय पासपोर्ट जमा करायचा, जमा केल्याचं प्रमाणपत्र जपायचं, ते दाखवून ओसीआय घ्यायचं. मग आयुष्यभर व्हिसा लागत नाही. मत नाही, निवडणूक लढवता येत नाही, शेतजमीन विकत घेता येत नाही. वडिलांची वारशाने आली तर ठेवता येते, फक्त सातबाऱ्यावर नाव लागलं पाहिजे, आणि नावाची कथा वर आलीच आहे.

निवृत्तिवेतनवाल्यांची वारी नोव्हेंबरात. मुलाकडे राहायला आलेले निवृत्त हेडमास्तर थंडीत मफलर गुंडाळून हयातीचा दाखला काढायला निघतात. आयुष्यभर शेकडो पोरांच्या जन्मतारखा ज्यांनी ठरवल्या, त्यांनाच आता दरवर्षी आपण जिवंत आहोत यावर सही आणावी लागते. नियतीने सूड उगवला म्हणायला हरकत नाही.

तेव्हा परदेशी निघणाऱ्या वाचकांना एवढंच सांगणं: बॅगेत लोणच्याची एक बरणी कमी भरा, पण जन्मदाखल्यावर नाव घालून घ्या, सगळ्या कागदांवर स्पेलिंग एक करा, आणि भारतातल्या सिमला रिचार्ज मारत राहा. आणि पॅनकार्ड हवं असेल तर दादरच्या दादाच्या पत्त्यावरच मागवा. देशात पाठवायचे १०७ रुपये घेत आले आहेत, परदेशात पाठवायचे १,०१७.