पॅकेजपंत

कंपनीने दिलेलं पॅकेज जसंच्या तसं इन्स्टॉल करणं पॅकेजपंतांना अशुभ वाटतं. लिनक्सची चार-दोन यंत्रं असलेल्या कुठल्याही कार्यालयात हे गृहस्थ सापडतात. दुकानातून तयार सदरा घेऊन थेट शिंप्याकडे जाणाऱ्यांची ही जात. अंगात घालून बघणं नंतर.

प्रिंटर नवा आलेला असतो. लेखा विभागातल्या बाई बिलांसाठी खोळंबलेल्या.

"झालं का हो?"

"नुसतं इन्स्टॉल करायचं तर आत्ता होईल. पण आत काय भरलंय ते बघायला नको?"

आणि उकलणी सुरू होते. पॅकेज म्हणजे एक डेब फाइल, आणि तिच्यात तीनच वस्तू असतात. एक चिमुकली फाइल, जिच्यात फक्त २.० एवढंच लिहिलेलं. एक कंट्रोल आणि एक डेटा. पंतांचा जीव कंट्रोलमध्ये. तिथली पोस्टइन्स्ट स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालते, म्हणून ते ती मोठ्याने वाचतात. "काम छपाईचं, आणि हा आपल्या सोर्सेस लिस्टमध्ये स्वतःचा पत्ता घालतोय! न विचारता!" ती ओळ तिथल्या तिथे उडते. (त्यांचं म्हणणं खरं असतं, हीच पंचाईत. आपण सगळे अशा अनोळखी स्क्रिप्टला डोळे मिटून सुडो देतो.)

त्यांचा सुवर्णकाळ २०२१ चा. डेबियन ११ मधून लिबअ‍ॅपइंडिकेटर ही लायब्ररी गेली, तिच्या जागी अयातनावाली राहिली. कंपन्यांची पॅकेजं मात्र जुन्याच नावाने हाका मारत बसली आणि इन्स्टॉल होता होईनात. पंतांनी पॅकेजला काय काय लागतं ते सांगणारी डिपेन्ड्सची एक ओळ बदलली, पॅकेज पुन्हा बांधलं आणि सगळ्यांचं अडलेलं काम सुटलं. ही हकीकत ते नव्या माणसाला पहिल्याच दिवशी चहाआधी सांगतात.

बदललेल्या पॅकेजच्या आवृत्तीला ते 'पंत१' असं शेपूट लावतात. त्याआधी अधिकचिन्हच हवं, यावर ते तासभर बोलू शकतात. नागमोडी चिन्ह दिलं तर पॅकेजं बसवणारं डीपीकेजी ती आवृत्ती मुळापेक्षा जुनी धरतं आणि पुढच्याच अपग्रेडला कंपनीचं पॅकेज परत येऊन बसतं. अधिकचिन्ह दिलं की मूळ आवृत्तीला आपलं पॅकेज भारी पडतं, आणि कंपनीची खरोखर नवी आवृत्ती आली तर तिला वाटही मोकळी राहते. इतका विचार काहींनी लग्न ठरवताना केलेला नसतो.

तोवर बाईंनी खालच्या झेरॉक्सवाल्याकडून बिलं छापून आणलेली असतात. पंतांना त्याचं काही नाही. पुढे मात्र कार्यालयातल्या सगळ्या यंत्रांवर तो प्रिंटर एका आज्ञेत चढतो, कुणाला एक प्रश्न विचारला जात नाही आणि मग पंतांना नावं ठेवायला जागा उरत नाही.

तुमच्याकडे असे पंत असतील तर ते दिवाळीला गावी जाण्याआधी एवढं करा: बदललेली पॅकेजं कुठल्या फोल्डरात आहेत आणि कशात काय बदललंय, ते त्यांच्याकडून लिहून घ्या. लिहिलेलं कुठेच नसतं.