वर्डवाले काका

प्रत्येक हाउसिंग सोसायटीत एक सेक्रेटरीकाका असतात. कुठे विद्यमान, कुठे माजी; फरक एवढाच की माजी असले की सूचना जास्त करतात. नोकरीत ते हेडक्लार्क किंवा स्टेनो होते. मराठी 30, इंग्रजी 40 या दोन्ही टायपिंगच्या परीक्षा पहिल्या फटक्यात पास. ऑफिसात एक दिवस शिपायाने टाइपरायटर उचलून नेला आणि त्याच टेबलावर कॉम्प्युटर ठेवला. काकांच्या मते तेवढाच बदल झाला. वर्ड म्हणजे पडदा लावलेला टाइपरायटर, आणि एक्सेल म्हणजे अकाउंट्सवाल्यांचं काहीतरी खूळ.

काकांची 'मेंबर लिस्ट' वर्डमध्ये असते. 1961 च्या सहकारी संस्था नियमांप्रमाणे सभासदांची नोंदवही आय नमुन्यात आणि यादी जे नमुन्यात ठेवायची असते. काकांची लिस्ट दोन्ही नमुन्यांना पुरून उरते. उघडली की डोळे निवतात. नावांखाली नावं, फ्लॅटखाली फ्लॅट, रकमांखाली रकमा, सगळं ओळंब्यात. आता हा ओळंबा टेबल घालून आलेला नाही, टॅब मारूनही नाही. तो स्पेसबारने आलाय. छोट्या नावापुढे ढीगभर स्पेस, लांब नावापुढे चार. टाइपरायटरवर इंग्रजी 'i' आणि 'm' दोघांना सारखीच जागा मिळायची. वर्डमध्ये प्रत्येक अक्षराची रुंदी वेगळी, त्यामुळे स्पेस मारून मारून शेवटी केसभर फरक राहतोच. दुसऱ्या कोणी हात टेकले असते. काका त्या ओळीतली एकच स्पेस निवडतात आणि तिचा फॉन्ट साइज 9 करतात. रेष जुळते. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, आणि अशा माणसाला 'तुम्हाला कॉम्प्युटर येत नाही' म्हणायची माझी तरी छाती नाही.

पण वर्षातून एकदा ऑडिटर यादी एक्सेलमध्ये मागतो, आणि मग माझ्या दाराची बेल वाजते.

"अरे, ते नुसतं एक्सेलमध्ये टाकायचंय. टाइप सगळं झालेलंच आहे. दोन मिनिटांचं काम."

हे 'नुसतं' फार महागात पडतं. कॉपी-पेस्ट केलं की सबंध सोसायटी ए कॉलममध्ये दाटीवाटीने उभी राहते, बी पासून पुढे शुकशुकाट. काका मात्र खूश. "आलं की! दिसतंय ना सगळं?" दिसणं हाच त्यांचा निकष. त्यांना मी सांगतो, काका, एक्सेलला दिसत नाही, त्याला डबे कळतात. एका डब्यात एकच गोष्ट. नाव एका डब्यात, फ्लॅट दुसऱ्या, रक्कम तिसऱ्या. काका मान डोलावतात. ही मान त्यांनी नोकरीत तीन साहेबांपुढे डोलावून निवृत्ती गाठलेली आहे.

खरं तर उपाय अवघड नाही. वर्डच्या फाइंड-रिप्लेसमध्ये जिथे जिथे दोन किंवा जास्त स्पेस सलग असतील तिथे एक टॅब घालायचा, फाइल साध्या टेक्स्टमध्ये सेव्ह करायची आणि एक्सेलला सांगायचं की टॅब दिसला की नवा कॉलम धर. पत्त्यांच्या यादीत प्रत्येक कुटुंब चार ओळींत असतं. तिथे आधी दोन एंटर सलग असतील त्या जागी काहीतरी खूण ठेवायची, उरलेल्या एकेकट्या एंटरचे टॅब करायचे आणि शेवटी खुणेच्या जागी एंटर परत आणायचा. एक कुटुंब, एक ओळ. फक्त सगळ्यांचे पत्ते चारच ओळींचे हवेत. ज्यांनी 'गणपती मंदिरामागे' अशी पाचवी ओळ दिलीय, त्यांचा पिनकोड फोन नंबरच्या कॉलममध्ये जाऊन बसतो. यादीचा आधीचा अर्धा भाग मंगल फॉन्ट येण्याच्या आधीच्या काळातला, म्हणजे युनिकोडच्या पलीकडचा असला, तर सभासदांची नावं डॉलर, टोप्या आणि उलटी प्रश्नचिन्हं अशी निघतात. ते आधी कन्व्हर्टरमधून काढावं लागतं.

एवढं करून कॉलम पडले की खरी गंमत. आमच्याकडे फ्लॅटचा नंबर इमारत तिरकी रेघ फ्लॅट असा लिहितात. तिसऱ्या इमारतीतला बारावा फ्लॅट एक्सेलने वाचला आणि त्याची 3 डिसेंबर केली. त्या इमारतीचे पहिले बाराही फ्लॅट जानेवारी ते डिसेंबर असे ओळीने मांडले गेले. काकांनी चष्मा कपाळावर नेला. "म्हणजे यापुढे नोटीस कुठे लावायची, कॅलेंडरवर?" गावाकडच्या जमिनीची यादी केली तर सातबाराचीही 7 डिसेंबर होते. हसू नका; जनुकांवर संशोधन करणाऱ्या मोठमोठ्या लोकांचं हेच झालं. 'मार्च1', 'सेप्ट1' अशी जनुकांची नावं एक्सेल तारखा समजून बदलत राहिलं, आणि शेवटी 2020 मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने एक्सेलपुढे हात टेकून जनुकांचीच नावं बदलली. 'मार्चएफ1', 'सेप्टिन1'. काकांना हे सांगितलं तर म्हणाले, "बरोबर आहे. आम्ही फ्लॅटचे नंबर बदलणार नाही. ठराव लागतो." मग आयात करतानाच तो कॉलम 'टेक्स्ट' ठरवून टाकला. ठरावाविना.

रकमेच्या खाली बेरीज मारली तर शून्य. काकांनी प्रत्येक रक्कम रीतसर '3,500/-' अशी लिहिलेली. पुढे कोणी आकडा वाढवू नये म्हणून ही रेघ. चेकवर त्यांनी जन्मभर मारली. एक्सेलच्या लेखी ती रेघ दिसली की रक्कम रक्कमच राहत नाही, मजकूर होतो. "सगळ्यांनी भरले आणि शिल्लक शून्य? हे तर मागच्या कमिटीसारखं झालं," काका म्हणाले.

नावांच्या अक्षरक्रमाने यादी लावली तेव्हा 'वरीलप्रमाणे'ने घात केला. एकाच मालकाचे दोन फ्लॅट असले की दुसऱ्या ओळीत काका 'वरीलप्रमाणे' लिहितात. सगळे 'वरीलप्रमाणे' व-च्या रांगेत एकत्र आले, आणि त्यांच्या वर बसलेला गृहस्थ एकाएकी सात फ्लॅटांचा धनी झाला.

आणि शेवटी 'शेरा'. ऑडिटरच्या नमुन्यात 'थकबाकी: होय / नाही' एवढंच. काकांच्या शेऱ्यात मात्र: 'मयत. मुलगा बंगळुरूला. पावती जावई मागतात, देऊ नये.' 'भाडेकरू सज्जन, मालक नाही.' 'गळती काढल्याशिवाय भरणार नाही म्हणतात. गळती आहे.'

"काका, याचं होय लिहू की नाही?"

"तूच सांग. पैसे आलेले नाहीत, आणि माणूस खोटं बोलत नाही."

याला फॉर्म्युला नाही. सोसायटी चालते ती या शेऱ्यांवर, आणि ऑडिटरच्या नमुन्यात नेमका त्यालाच कॉलम नसतो. हे मला काकांसमोर कबूल करायचं नव्हतं, म्हणून मी सगळ्यात शेवटी एक रुंद कॉलम जोडला. काकांनी तिथे दुसरी ओळ लिहायला एंटर मारलं तर कर्सर खालच्या सभासदाकडे पळाला. मी ऑल्ट दाबून एंटर मारायला शिकवलं. त्याच डब्यात नवी ओळ आली. काकांचा चेहरा असा खुलला की मला बरं वाटलं.

चार दिवसांनी व्हॉट्सअॅपवर फाइल आली, 'मेंबर लिस्ट फायनल नवीन (खरी)'. उघडली. वर सात कॉलम मर्ज करून मधोमध सोसायटीचं नाव, रजिस्ट्रेशन नंबरासकट. खाली एकच कॉलम. प्रत्येक डब्यात नाव, पत्ता, फोन, नॉमिनी, रक्कम '/-'सह आणि संपूर्ण शेरा, एकाखाली एक, ऑल्ट-एंटर मारून, स्पेसने रेष जुळवून. मागोमाग काकांचा व्हॉइस मेसेज:

"बघ रे. तू म्हणाला होतास तसंच केलं. एका फ्लॅटला एक डबा."