उचलगाडीच्या पुढे

वळ गावात मोठा माणूस पळताना दिसला, तर लोक तीनच कारणं धरतात. एक तर त्याचा कंटेनर सुटतोय, नाहीतर मागे कुत्रं लागलंय, नाहीतर उधारीवाला. माणूस तब्येतीसाठी पळू शकतो, हे भिवंडी तालुक्याला अजून पुरतं पटलेलं नाही. पहाटे रस्त्याकडेला स्टोव्हवर चहा ठेवणारे ट्रक ड्रायव्हर आम्हाला बघून आधी आमच्या मागे बघतात. मागे कोणी नाही म्हटल्यावर त्यांची काळजी आणखी वाढते.

वळ, पूर्णा, राहनाळ, दापोडे हा सगळा एकेकाळी भातशेतीचा पट्टा. मुंबईच्या जकात नाक्याच्या अलीकडे माल ठेवणं सोयीचं, म्हणून इथे गोडाऊनं उभी राहिली. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला आणि जकात गेली, गोडाऊनं मात्र वाढतच राहिली. आता इथून सकाळी निघालेलं पार्सल दुपारी दादरला कोणाच्या तरी दारात असतं. अशा घाईच्या गावात राहून आम्ही दोघं एका किलोमीटरला नऊ मिनिटं घेतो. आम्ही म्हणजे मी शाळामास्तर आणि माझा लूमवाला मित्र. त्याला सगळे शेट म्हणतात, म्हणून मीही म्हणतो.

सरावाचा आमचा शेवटचा थांबा म्हणजे ट्रकचा वजनकाटा. पहाटे तो रिकामा असतो. शेट बूट काढून, खिशातला मोबाईल माझ्या हातात देऊन, श्वास रोखून त्या अवाढव्य लोखंडी पाटावर उभा राहतो. हा काटा दहा-दहा किलोंच्या टप्प्यानं बोलतो. दिवाळीआधी त्यानं शेटला 90 म्हटलं, दिवाळीनंतर 90 म्हटलं आणि डिसेंबर उजाडला तरी तो 90 वरून हलेना.

"काटा बिघडलाय," शेट म्हणाला.

"सेठ, ये ट्रक का काँटा है," काट्यावरचा भैया खिडकीतून म्हणाला, "इसमें बिस्कुट का फरक नहीं दिखता."

या तयारीवर शेटनं लागोपाठच्या शर्यतींची नावनोंदणी केली. डिसेंबरच्या पहिल्या रविवारी पुणे, दुसऱ्या रविवारी वसई-विरार आणि जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई. सगळीकडे अर्धी मॅरेथॉन, म्हणजे 21 किलोमीटर आणि वर थोडे मीटर. ते थोडे मीटर लोक हसण्यावारी नेतात, कारण त्यांनी ते पळून पाहिलेले नसतात.

पुण्याची मॅरेथॉन 1983 पासूनची, त्यामुळे पुणेकरांना पळणाऱ्यांचं कौतुक उरलेलं नाही. पुढचे गेले, मधले गेले, आणि आमच्या वाट्याला आलं ते जोरात उठणारं पुणं. पाण्याच्या टेबलाशी एक मुलगा खोकी दुमडत होता. आम्हाला बघून त्यानं आख्खा बाटल्यांचा गठ्ठाच पुढे केला. "काका, घेऊन जा ना, आम्हाला पॅकअप करायचंय." वाहतूक सुरू झाली होती, म्हणून आम्ही कडेच्या फूटपाथवरून पळत होतो. तिथे फिरायला निघालेल्या एका आजोबांनी आम्हाला सहज मागे टाकलं आणि वर "सावकाश जा" असंही सांगितलं. शेवटाला मांडववाले कापड उतरवत होते. शेटची चाल तिथे पहिल्यांदा वाढली, कारण कमान पाडायच्या आत तिच्याखालून जायला हवं होतं. कमानीच्या दोऱ्या सोडणाऱ्या माणसानं आमच्यासाठी हात थांबवले. पहिल्या आलेल्या परदेशी पाहुण्यासाठी एवढा मोठा मांडव कोणी थांबवला असेल, असं मला वाटत नाही.

दुसऱ्या रविवारी वसई. दिवा-वसई लाइनची गाडी त्या वेळेला मिळणं कठीण, म्हणून शेटनं कापडाचा टेम्पो काढला. अंजूर फाटा, खारबाव, कामण, चिंचोटी. हा रस्ता ज्यांनी केला त्यांना खेळाडूंची कळकळ असावी, कारण वॉर्मअप आपोआप होतो. गाठींवर बसून जाताना माझे असेही स्नायू मोकळे झाले, ज्यांची शाळेच्या नोकरीत कधी गरजच पडली नव्हती.

आमच्या बाजूनं वसईवर जायची पद्धत तशी जुनी. शेजारच्या अंजूरचे गंगाजी नाईक पोर्तुगीजांविरुद्ध पेशव्यांकडे मदत मागत राहिले. 1737 मध्ये मोहीम निघाली आणि मे 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला. शेटनं हा दाखला शर्यत सुरू व्हायच्या आधीच देऊन ठेवला. "मास्तर, आपल्याकडच्यांना वसईला दोन वर्षं लागली. आपण तीन-साडेतीन तासांत उरकतोय."

2011 पासून चाललेल्या या शर्यतीचं खरं वैभव म्हणजे रस्त्याकडेची माणसं. घराघरांवर नाताळच्या चांदण्या लागलेल्या आणि अंगणात खुर्च्या टाकून आख्खं कुटुंब बसलेलं. पुढचे धावक सुसाट निघून जातात, त्यांना टाळ्यांपलीकडे काय देणार? आमची मात्र विचारपूस होते. एका मावशींनी केळी दिली, ती खाईपर्यंत आम्ही त्यांच्या फाटकाशीच होतो. मग त्यांनी कुठले, काय करता, मुलं किती, हे सगळं विचारून घेतलं. शेटनं कापडाचा भावही सांगितला. तेवढ्यात मागून उचलगाडी दिसली. दमलेल्यांना गोळा करत येणाऱ्या बसला आम्ही उचलगाडी म्हणतो. तिच्यातले लोक खिडकीतून आमच्याकडे ज्या आपुलकीनं बघत होते, ती मला अजिबात आवडली नाही. मावशींनी "पळा, पळा!" म्हणून ओरडा केला, आणि आम्ही खरोखर पळालो.

मुंबईच्या दिवशी रेल्वे पहाटे जादा लोकल सोडते. डब्यात सगळे छातीला नंबर लावलेले, आणि पेंगणारा मासेवाला सगळ्यांकडे संशयानं बघतोय. माहीमहून सुटलो, तेव्हा उजाडलं नव्हतं. सी लिंकवर एरवी पायी सोडत नाहीत, म्हणून शेटनं तिथे चालून घेतलं. पळण्यात पूल वाया घालवणं त्याला पटेना. वरळी गेली, हाजी अली गेली आणि पेडर रोडचा चढ सुरू झाला. कोणी संत्र्याच्या फोडी देतंय, कोणी चिक्की, कोणी गुडघ्यावर स्प्रे मारतंय. शेटनं स्प्रे दोन्ही गुडघ्यांना घेतला आणि मग खांद्यालाही, फुकट होता म्हणून.

आणि समोरून सायरन वाजला.

पूर्ण मॅरेथॉनचे आघाडीचे धावक सीएसएमटीहून उत्तरेकडे निघालेले असतात. पोलिसांच्या मोटरसायकली, घड्याळ लावलेली गाडी, आणि मागे आफ्रिकेतली सात-आठ माणसं. पावलांचा आवाज इतका हलका, की माझ्याच बुटांची मला लाज वाटली. 2023 मध्ये इथिओपियाच्या हायले लेमीनं याच मुंबईत 42 किलोमीटर 2 तास 7 मिनिटं 32 सेकंदांत संपवले होते, म्हणजे किलोमीटरला साधारण तीन मिनिटं. आमच्या अर्ध्या शर्यतीतले चपळ लोक एव्हाना शेवटाला पोचून, मेडल घालून केळी सोलत असणार. त्यांना यातलं काही दिसलं नाही. भर चढावर कमरेवर हात ठेवून उभं राहायला आम्हीच तेवढे होतो.

"बघ," शेट म्हणाला, "सारखेच पैसे भरले, पण आपल्याला जास्त मिळालं."

संध्याकाळी वळ नाक्यावर मेडल हातोहात फिरलं. पहिला प्रश्न, "नंबर कितवा?" शेटनं छातीवरचा कागद दाखवला, "हा काय, आधीच छापून दिला होता." दुसरा प्रश्न, पितळ की लोखंड. गोडाऊनवर हमाली करणारा एक ओळखीचा मामा मात्र बराच वेळ गप्प होता. त्यानं भरलेली फी, टेम्पोचं डिझेल, बूट असा सगळा हिशेब विचारून घेतला.

"शेट," तो म्हणाला, "पैसे भरून कशाला पळता? आमच्या टोळीत या. गाडी लागली की मालाखाली पळायचं, आणि वर मजुरी मिळते."

शेट गंभीर झाला. "रविवारची सुट्टी असते ना पण?" त्यानं विचारलं.