नववे अर्ल आणि त्यांची डुकरीण

ब्लँडिंग्ज कॅसलचे मालक लॉर्ड एम्सवर्थ हे नववे अर्ल. इंग्लंडातल्या श्रॉपशर परगण्यात तळं, गुलाबबाग, तबेले, आणि पाहुणे किती उतरलेत याचा मालकालाच पत्ता नसावा एवढा मोठा वाडा. इतकं असून घरात त्यांचं कवडीचं चालत नाही. बहीण लेडी कॉन्स्टन्स म्हणेल ती पूर्व दिशा. ही सगळी मंडळी कागदावर उतरवणाऱ्या लेखकाचा, पी. जी. वुडहाऊसचा, मी ऋणी आहे तो यासाठी. दोन खोल्यांच्या घरात आपलं मत कुणी विचारत नाही याचं दुःख, शेकडो एकरांच्या धन्याचीही तीच गत आहे हे वाचून निम्म्याने उतरतं.

बहिणीची एक वेळ समजूत काढता येईल, पण माळ्याची? हेड माळी अँगस मॅकॅलिस्टर हा स्कॉटलंडचा. शेवाळलेल्या सुंदर पायवाटेवर खडी घालायची असं त्याने मनात घेतलं, तर मालक फक्त आवंढा गिळणार. आमच्या सोसायटीचा माळी जास्वंदीची फांदी छाटतो तेव्हा मीही गॅलरीतून असाच आवंढा गिळतो. ‘द कस्टडी ऑफ द पम्पकिन’ या कथेत मात्र लॉर्डसाहेब एकदाचे चिडतात आणि हा माळी नोकरी सोडून जातो. इकडे प्रदर्शनात बक्षीस मिळवायचं म्हणून जिवापाड जपलेला भोपळा उघड्यावर पडतो. साहेब नवा माळी शोधायला लंडनला येतात, केन्सिंग्टन गार्डन्समध्ये ट्यूलिप फुललेले पाहतात, आणि भान हरपून थेट ताटव्यात शिरून फुलं खुडू लागतात. बागेचा रखवालदार ओरडतो, गर्दी जमते, पोलीस येतो. साहेब सांगतात, मी एम्सवर्थचा अर्ल. अंगावर असले गबाळे कपडे, कोण विश्वास ठेवणार? ओळख पटवायला गर्दीतून पुढे येतो तो मॅकॅलिस्टरच. साहेब त्याला तिथल्या तिथे दुप्पट पगार कबूल करतात. (पगारवाढ मागण्याची याहून चांगली वेळ मी आजवर वाचलेली नाही.)

हा प्रसंग मुंबईकराने वाचावा तो जरा जास्तच चवीने. ब्रेबर्न स्टेडियम ज्यांच्या नावाचं, ते लॉर्ड ब्रेबर्न १९३३ ते १९३७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. असे लॉर्ड इथे यायचे ते सलाम घ्यायला. त्यांच्याच बिरादरीतला एकजण चार फुलांपायी हवालदारापुढे त त प प करतोय, हे पाहून आजोबांच्या पिढीचे किती सलाम वसूल होतात!

पुढे भोपळा मागे पडतो आणि ‘एम्प्रेस’ येते. ही बर्कशर जातीची डुकरीण. लठ्ठ डुकरांच्या गटातली रौप्यपदकं पटकावणारी. लॉर्डसाहेब कठड्याला रेलून तासन्‌तास तिच्याकडे बघत उभे असतात; वाचायला डुक्करपालनावरचं व्हिफलचं पुस्तक. तिला सांभाळणारा वेलबिलव्हड दारू पिऊन तुरुंगात जातो आणि बाईसाहेब अन्न सोडतात. घरात भाचीचं लग्न मोडण्याची वेळ आलीय, पण मामांच्या डोक्यात फक्त डुकरीण. शेवटी अमेरिकेत शेतावर राबून आलेला एक तरुण डुकरांना हाळी कशी घालायची ते शिकवतो, आणि ती ऐकून एम्प्रेस जेवायला लागते.

वुडहाऊसला हे सगळं सुचलं कुठून? त्याचे वडील हाँगकाँगला न्यायाधीश. पोरगा इंग्लंडात नातेवाइकांच्या, त्यातही आत्या-मावश्यांच्या, स्वाधीन. त्यांच्याबरोबर मोठ्या घरी गेला की त्याची रवानगी चहाला नोकरांच्या दालनात व्हायची. त्यामुळेच त्याचे बटलर मालकापेक्षा जास्त खानदानी वाटत असावेत, असा माझा तर्क. पहिली ब्लँडिंग्ज कादंबरी १९१५ची, शेवटची अपुरी राहिली ती १९७७मध्ये, लेखक वारल्यावर दोन वर्षांनी छापली. तेवढ्या काळात दोन महायुद्धं झाली, इंग्रजांचं साम्राज्य गेलं, आणि वारसाकर भरता भरता खरे वाडे विकले गेले, पाडले गेले. ब्लँडिंग्जला मात्र कराची नोटीस कधी गेली नाही.

वुडहाऊसने हा हिशेब मांडला तो १९५३च्या ‘रिंग फॉर जीव्ज’ या कादंबरीमध्ये. त्यातला तरुण लॉर्ड ओल आलेला वाडा अमेरिकन विधवेच्या गळ्यात मारायला बघतो, आणि तोवर पोट भरावं म्हणून वेषांतर करून रेसकोर्सवर बुकी होतो. मदतीला जीव्ज हा नोकर, तोही उसना आणलेला. कारण जीव्जचे मालक बर्टी वूस्टर एका शाळेत दाखल झालेत: उद्या क्रांती झाली आणि नोकर उरले नाहीत तर आपलं आपल्याला करता यावं, हे तिथे बड्या घरच्यांना शिकवतात. मोजे रफू करण्यात बर्टीला बक्षीस मिळतं. मग उघडकीला येतं की मोजे रफू करायला त्याने एक म्हातारी चोरून आत आणली होती, आणि शाळा त्याला हाकलून देते.