नळी गेली, माप उरलं

बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या लेथवर दोन शतांश मिलिमीटर चुकला, तरी जॉब भंगारात. त्याच पीण्यात आम्ही एक छोटा डिजिटल कॅमेरा पारखायला बसलो. खोक्यावर छापलेलं : सेन्सर १/२.३ इंच. म्हणजे ११ मिलिमीटर. प्रत्यक्षात कर्ण भरतो पावणेआठच्या आसपास! कारण हे माप सेन्सरचं नव्हेच. जुन्या टीव्ही कॅमेऱ्यातल्या काचनळीच्या बाहेरच्या व्यासाचा तो वारसा. त्या करंगळीच्या नखाहून लहान तुकड्यावर वीस मेगापिक्सेल, विरार लोकलसारखे कोंबलेले. आणि डिजिटल झूम? आहे तेच चित्र कापून ताणायचं. आमच्या सांगलीकर क्यूसीवाल्या काकांनी व्हर्नियर खिशात घातला. म्हणाले, “माल रिजेक्ट! पण थांबा, आधी माझा एक फोटो काढा.”