आधीचा मालक

कॅलिफोर्नियात, विशेषतः समुद्राकडच्या गावांत, बहुतेक गल्ल्यांत असा एक गृहस्थ असतो की ज्याच्या दारात जुनी फोक्सवॅगन कॅम्पर उभी असते आणि तिच्या खालून त्याचे दोन पाय बाहेर आलेले असतात. शेजाऱ्यांना त्याच्या चेहऱ्याआधी त्याच्या चपला पाठ होतात.

वय साठीच्या पुढचं, दाढी पांढरी, नखं कायमची काळी. गाडी 1975 ते 1979 मधली. तिला तो 'बस' म्हणतो. छप्पर वर उघडतं आणि आत वेस्टफालिया या जर्मन कंपनीने थाटलेला संसार आहे : शेगडी, बेसिन, घडीचा पलंग. पलंगावर सध्या जुने इंजेक्टर, एक मेलेला पंप आणि वायरींचं भेंडोळं झोपतं. बायको घरात झोपते.

त्याला 'गाडी चालते का?' असं चुकूनही विचारू नये. नुसतं 'चालते' म्हणून सुटणं त्याच्या स्वभावात नाही. गार असताना चालते, गरम झाली की मिसिंग करते, चढावर पिकअप सोडते, सिग्नलला बंद पडते आणि मेकॅनिकच्या दारात पोचली की सुतासारखी सरळ होते. हे ऐकेपर्यंत तुमच्या हातातलं दूध नासतं.

या सगळ्या दुखण्यांना त्याच्या मते एकच माणूस जबाबदार : आधीचा मालक. वायर उलटी जोडली, आधीचा मालक. स्क्रू भलत्याच मापाचा, आधीचा मालक. या आधीच्या मालकाला त्याने जेमतेम अर्धा तास पाहिलं असेल, पण त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार मात्र रोज होतो.

खरं भांडण आहे ते फ्युएल इंजेक्शनशी. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या या बसला 1975 च्या मॉडेलपासून कार्ब्युरेटर जाऊन बॉशची एल-जेट्रॉनिक यंत्रणा आली. कल्पना साधी आहे. इंजिन ओढेल ती सगळी हवा एका डब्यातल्या झडपेवरून जाते. झडप किती ढकलली गेली ते कंप्युटरला कळतं आणि इंजेक्टर किती वेळ उघडे ठेवायचे ते तो ठरवतो. आपला गृहस्थ हे समजावून सांगत नाही, करून दाखवतो. एअर फिल्टर काढतो, किल्ली फिरवून ठेवतो आणि डब्यात बोट घालून झडप हळूच ढकलतो. गाडीच्या पोटाखाली पेट्रोलचा पंप गुणगुणायला लागतो. बोट काढलं की पंप गप्प. पंपाचा स्विच त्या डब्यातच आहे. इंजिन बंद पडून हवा थांबली की पेट्रोलही थांबावं म्हणून. "ऐकलंस?" म्हणून तो बघतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर असं समाधान असतं की गाडी सुरू होत नाहीये हे सांगायला जीभ रेटत नाही.

पण दोष शोधायला बसला की हे सगळं ज्ञान गुंडाळून ठेवतो आणि पहिला संशय कंप्युटरवर घेतो. तो बहुधा निर्दोष असतो, पण सर्वांत महाग असतो, म्हणून आधी तोच बदलला जातो. मग इंजेक्टर. मग पंप. शेवटी कळतं की सिलिंडर हेडचं तापमान सांगणाऱ्या सेन्सरची वायर सैल होती. या सेन्सरचा रोध 20 अंशांना साधारण अडीच हजार ओम असतो आणि थंडी वाढेल तसा वाढत जातो. वायर सुटली की तो अमर्याद. बाहेर डेथ व्हॅलीचा उन्हाळा असला तरी कंप्युटरच्या लेखी अलास्का, आणि तो बिचारा पेट्रोल ओतत सुटतो.

नाहीतर गाडी कुठूनतरी 'एअर घेत' असते. हवा मोजणाऱ्या डब्याला चुकवून आत शिरलेली हवा कंप्युटरच्या हिशोबात धरलीच जात नाही. म्हणून ऑइलच्या झाकणाचं वॉशर फाटलं तरी आयडलिंग बिघडतं. परीक्षा अगदी फुकट आहे : इंजिन चालू ठेवून ते झाकण काढा. इंजिन अडखळलं तर ठीक. ढिम्म राहिलं तर दुसरीकडे कुठेतरी मोठं भोक आहे. ही परीक्षा तो जगाला सांगतो; स्वतः करतो ती सुट्या भागांची पार्सलं येऊन गेल्यावर.

रविवारी त्याच्या जातीचे आणखी दोघे-तिघे जमतात. एकाच्या हातात जॉन म्यूर यांचं 1969 सालचं दुरुस्तीचं प्रसिद्ध पुस्तक असतं, पानापानावर तेलाचे अंगठे उमटलेलं. दुसरा कार्ब्युरेटरपंथी. "ते सगळं उपटून टाक आणि दोन कार्ब्युरेटर बसव," हा त्याचा सर्व रोगांवरचा काढा. पण त्याची स्वतःची बस 1975 ची, आणि कॅलिफोर्नियात 1975 पर्यंतच्या गाड्यांना धुराच्या तपासणीतून माफी आहे. आपल्या गृहस्थाची 1976 ची. तिला दर दोन वर्षांनी परीक्षेला बसावं लागतं, आणि तिथे कारखान्यातून आलेली यंत्रणा जागेवर लागते. एका वर्षाच्या फरकाने एक जण मोकळा आणि दुसरा जन्मठेपेवर.

माझं मत विचाराल तर त्याला ही बस दुरुस्त व्हायलाच नको आहे. कधीतरी ती चुकून नीट चालते, तेव्हा तो दिवसभर अंगणात फिरत राहतो आणि संध्याकाळी स्वतःच एखादी वायर हलवून बघतो.

तुम्हाला अशी बस घ्यायचा मोह झालाच, तर व्हॉल्व्हचं सेटिंग, अर्थिंगच्या वायरी आणि हवेचे रबरी पाइप आधी बघा. कंप्युटरकडे अगदी शेवटी वळा. आणि किल्ली हातात आली त्याच दिवशी पेट्रोलचे सगळे रबरी पाइप बदला, आत आग विझवायचं नळकांडं ठेवा. पाइप जुने, त्यात चौरस इंचाला पस्तीसेक पौंडांचा दाब आणि शेजारी तापलेलं इंजिन. या गाड्या खरोखरच पेटतात. ते काम आधीच्या मालकाने केलं असेल, असं धरून चालू नका.